तीन वाजून दहा मिनिटांनी टाकलेला दगड

१

शनिवार, १२ मे २००७. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. वेल्समधल्या एका ओसाड पठाराच्या टोकाला, नदीच्या खोल दरीवरचा जुना दगडी पूल. ऊन होतं, वारा नव्हता. पुलावर तीन माणसं होती: मी, माझी मुलगी देवयानी आणि जावई अंबरीश. दगड मी टाकला.

बातमी अशीच सुरू करायची असते. चौतीस वर्षं पुण्यातल्या एका दैनिकासाठी मी महापालिका आणि कोर्ट सांभाळलं, आणि नव्या पोरांना ओरडून ओरडून हेच शिकवलं. कधी, कुठे, कोण, काय हे पहिल्या परिच्छेदात आलं पाहिजे. 'का' मागून येतं.

इथे ते आलं नाही. मी तिथल्या कौन्सिलला चार पत्रं लिहिली. केंब्रिजमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एका मराठी गृहस्थांना फोन केला. त्यांनी दहा मिनिटं ऐकून घेतलं आणि माझी झोप नीट होते का, असं विचारलं. अख्खी कारकीर्द मी उडवाउडवीची उत्तरं देणाऱ्या अधिकाऱ्यांच्या मागे लागण्यात घालवली, पण त्यांच्याकडे निदान लपवायला काहीतरी असायचं.

पुलाचं नाव देत नाही. ते मला उच्चारता येत नाही हे एक कारण. दुसरं कारण असं की वाचून कोणीतरी तिथे दगड टाकायला जाईल.

२

त्या वर्षी मी पहिल्यांदाच सहा महिन्यांसाठी इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलला लेकीकडे आलो होतो. माझी बायको वीणा गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे पुण्यात राहिली. ती आली असती तर गाडीत आम्ही चौघं झालो असतो, आणि हे सगळं लिहायची वेळ आली नसती.

त्या शनिवारच्या आदल्या दिवशी संध्याकाळी देवयानीनं मला बागेत नेऊन सांगितलं की तिला दिवस गेले आहेत. तिसरा महिना संपत आला होता, सोमवारी स्कॅन होता.

"बाबा, स्कॅन होईपर्यंत कोणालाही बोलायचं नाही. आईलासुद्धा नाही. आणि सासूबाईंना तर अजिबात नाही. प्रॉमिस?"

कारण होतं. दोन वर्षांपूर्वी दहाव्या आठवड्यात सगळं संपलं होतं, आणि तोवर नागपूरच्या निम्म्या नातेवाइकांना गोड बातमी पोचलेली होती. मग प्रत्येकाला फोन करून दुसरी बातमी द्यावी लागली होती. ते फोन देवयानीनं स्वतः केले होते.

मी शब्द दिला. बातमी देणाऱ्या एकाही माणसाचं नाव मी आयुष्यात फोडलेलं नाही, जज्जसमोरसुद्धा नाही. हे तिला माहीत होतं, म्हणून तर तिनं मला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला मी तो शब्द मोडला.

आम्ही निघण्याच्या गडबडीत होतो. देवयानी सिंकपाशी थर्मास धूत होती. अंबरीशनं आईला फोन लावून तो स्पीकरवर टाकला होता. त्याची आई, सुप्रभाताई, नागपूरच्या. आवाज असा की फोन नसता तरी ऐकू आला असता.

"कुठं निघून राहिले रे सकाळी सकाळी?"

"वेल्सला, आई. सीनिक ड्राइव्ह आहे एक. शेवटी पूल आहे, खाली दरी."

"कोण कोण?"

"मी, देवयानी आणि बाबा."

"तिघं? अरे, तिघं कशे निघता? एक दगड घेऊन जा बरोबर, चौथा म्हणून. घरी आल्यावर जिथून उचलला तिथं ठेवून द्यायचा. बस, काही अवघड नाही."

"हो आई."

दगडापेक्षा ते 'हो आई' माझ्या डोक्यात गेलं. इंजिनियर माणूस, एका कंपनीची सगळी नेटवर्कं सांभाळतो, आणि 'हो आई'. मी फोनपाशी गेलो.

"सुप्रभाताई, नमस्कार. पुरुषोत्तम बोलतोय. हा दगड नकाशा वाचणार, का वाटेत गाणी म्हणणार?"

"तुम्ही पेपरवाले. तुम्हाला सगळ्याचीच मस्करी. तिघं जाऊ नये म्हणतात, म्हणून सांगितलं."

"तिघं कसले? तुमच्याच नियमानं आम्ही चौघं आहोत. मोजा की! देवयानीच्या पोटातलं धरलं की झाले चार. मिटला तुमचा दगड."

मला माझा मुद्दा आवडला होता. दोन सेकंद मी चक्क वाट पाहिली, पलीकडून काय उत्तर येतं त्याची.

देवयानी वळली नाही. नळ चालूच होता. थर्मास भरून वाहायला लागला तरी तिनं तो बंद केला नाही.

फोनवरचा आवाज आला तेव्हा तो त्या बाईंचा वाटेना, इतका हळू होता.

"मोजू नका हो," त्या म्हणाल्या. "पोटातलं असं बोलून मोजत नसतात." मग मुलाला, "अंबरीश. दगड घेतल्याशिवाय पाऊल बाहेर टाकू नको. आणि नेला तसा परत आण."

अभिनंदन वगैरे काही नाही. फोन बंद.

३

दगड अंबरीशनं पुढच्या बागेतून उचलला. मुठीत जेमतेम मावेल एवढी गारगोटी, आतून काळी, वरून पांढरा पापुद्रा. त्या भागात जमीन खणली की ढिगानं निघतात तसली. देवयानीला मळमळत होतं म्हणून ती पुढे बसली. मी मागे, आणि माझ्या शेजारी तो. अंबरीशनं त्याला सीटबेल्ट लावला.

"नाहीतर फाइन बसेल, बाबा," तो म्हणाला. वातावरण हलकं करायला म्हणाला बिचारा. कोणी हसलं नाही.

मोटरवेवर दोन तास देवयानी एक शब्द बोलली नाही. बोलत होती ती फक्त रस्ता सांगणाऱ्या सॅटनॅवमधली बाई. मोटरवे संपला, गावं लहान होत गेली, रस्त्यावरच्या पाट्यांमध्ये स्वर कमी आणि व्यंजनं जास्त दिसायला लागली, आणि मग गावं संपलीच. अंबरीशकडे एक माहितीपत्रक होतं. त्यात त्या पठाराला वेल्सचं वाळवंट म्हटलं होतं.

"वाळवंटाला वाळू लागते," मी म्हणालो.

"माणसं नाहीत म्हणून म्हणतात, बाबा."

ते मात्र खरं होतं. एकच गाडी जाईल एवढा रस्ता, दोन्ही बाजूंना पिवळट गवताचे डोंगर, एकही झाड नाही, घर नाही, विजेचा खांब नाही. एप्रिल कोरडा गेला होता आणि गवत उन्हात तांबूस झालं होतं. आकाशात एक घार. मधूनमधून रस्त्यात बसलेली मेंढी, जी हॉर्नला दाद देत नव्हती. मेंढ्या पलीकडे जाऊ नयेत म्हणून रस्त्यात लोखंडी गजांच्या जाळ्या बसवलेल्या होत्या. त्यांच्यावरून चाक गेलं की अख्खी गाडी घर्रर्र करून दातांपर्यंत हादरायची. माझ्या शेजारचा दगड बेल्टमध्ये उड्या मारायचा.

अशा एका जाळीनंतर देवयानी पुढे बघत म्हणाली, "तुम्हाला जिंकायचं असतं, बाबा. बाकी कशाशी घेणंदेणं नसतं तुम्हाला."

माझ्याकडे उत्तर होतं. ते मी गिळलं, आणि त्याचा राग मला पुलापर्यंत पुरला.

४

पुलापाशी एक जुनी व्हॅन उभी होती. तिच्या खिडकीतून एक म्हातारा चहा विकत होता. आम्ही सोडून गिऱ्हाईक नव्हतं. पुलाच्या कठड्यावर पाटी होती: खोली ९१ मीटर, वाकून पाहू नका. आम्ही वाकून पाहिलं. काळ्या कातळाच्या दोन सरळ भिंती, आणि तळाशी उन्हाळ्यानं सुतासारखी झालेली नदी. तिचा आवाजही वर येत नव्हता.

अंबरीशनं रस्त्यावरचा खडा उचलून खाली सोडला. जरा वेळानं 'टक' असा कोरडा, स्वच्छ आवाज वर आला.

"साडेचार सेकंद," मी घड्याळ पाहून म्हणालो. सवय.

"बरोबर. नाइन्टी वन मीटरला तेवढेच लागतात." त्यानं दुसरा सोडला. पुन्हा साडेचार, पुन्हा टक.

तेव्हा मला त्याच्या जॅकेटचा फुगलेला खिसा दिसला.

"तो दगड पुलावर कशाला आणलास?"

"आई म्हणाली ना बाबा, जिथे तिघं तिथे चौथा..."

"दे इकडे."

"जाऊ द्या ना बाबा. घरी नेऊन ठेवायचाय तो."

"अंबरीशराव, दे म्हणतो ना."

त्यानं दिला. सासरा नावापुढे राव लावायला लागला की तो देऊन टाकतो. देवयानी दोन पावलं पलीकडे उभी होती. "बाबा, प्लीज," ती म्हणाली. ते प्लीज दगडासाठी नव्हतं, हे मला आता कळतं. तिला तो दिवस एकदाचा संपायला हवा होता.

"चौथं हिच्या पोटात आहे," मी म्हणालो. "हे बाकीचं ओझं कशाला?" आणि हात कठड्याबाहेर नेऊन दगड सोडला.

फेकला नाही. सोडला. घड्याळात तीन दहा.

साडेचार सेकंद झाले. पाच. आठ. मी घड्याळाचा काटा पाहत होतो. अंबरीश वाकून खाली पाहत होता. वीस. तीस.

"झुडपात अडकला असेल," मी म्हणालो.

"झुडूप कुठाय, बाबा?"

नव्हतं. नुसता कातळ होता.

"वाळूत पडला असेल."

मिनिटकाटा पुढच्या घरात गेला. मी मान वर केली, तर देवयानीनं एक हात पोटावर ठेवला होता.

"काय होतंय?"

"काही नाही," ती म्हणाली. "एकदम हलकं वाटलं."

मळमळ थांबली म्हणून, असा अर्थ मी लावला. तिनंही तोच लावला असावा. मी व्हॅनपाशी जाऊन तीन चहा मागितले. म्हातारा फडक्यानं फळी पुसत होता.

"दोन ऐकले," तो इंग्रजीत म्हणाला. "तिसरा नाही ऐकला मी."

"वाळूत पडला."

"खाली वाळू नाही." त्यानं फडकं खांद्यावर टाकलं. "कधीकधी वेळ लागतो."

"म्हणजे? कशाला वेळ लागतो? कोणाला लागला होता?"

चौतीस वर्षांत प्रश्न टाळणारी माणसं मी हजारांनी पाहिली आहेत. पण सव्वातीनला, समोर तीन चहांचं गिऱ्हाईक उभं असताना, खिडकीचं दार ओढून घेणारा चहावाला एकच पाहिला.

५

त्या रात्री फोनवर सुप्रभाताईंनी एवढंच विचारलं, "दगड ठेवला ना जागेवर?" अंबरीशनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "हो आई, ठेवला." आईशी तो पहिल्यांदाच खोटं बोलत होता हे त्याच्या लाल झालेल्या कानांवरून कळत होतं.

सोमवारी स्कॅन उत्तम झाला. पडद्यावर इवलंसं हृदय लुकलुकताना दिसलं. देवयानी रडली, अंबरीश रडला, आणि मी मनातल्या मनात सुप्रभाताईंशी एक लांबलचक वाद जिंकला.

जूनमध्ये सोळाव्या आठवड्याच्या तपासणीला मीच तिच्याबरोबर गेलो. अंबरीश ऑफिसात होता. लहानशी खोली, भिंतीवर बाळांची पोस्टरं. सुईणीनं देवयानीच्या पोटावर जेल लावून हातातलं यंत्र फिरवलं. आधी देवयानीच्या नाडीचा संथ आवाज आला: हुप, हुप, हुप. मग यंत्र खाली, डावीकडे, उजवीकडे. हुप, हुप. दुसरं काही नाही. सुईणीचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, फक्त ते आता कोणासाठी आहे ते कळेना. तिनं बॅटरी बदलली. मग दुसरं यंत्र आणलं. मग म्हणाली, हॉस्पिटलला जाऊन येता का, आत्ताच?

टॅक्सीत देवयानीनं माझा हात धरला होता. मला एकच वाक्य ऐकू येत होतं: पोटातलं असं बोलून मोजत नसतात.

तिथले डॉक्टर मराठी निघाले. डॉ. चंद्रशेखर, मूळचे सांगलीचे. त्यांनी पडदा आमच्याकडे वळवला. "हे बघा काका. ठोके दिसतायत ना? मिनिटाला दीडशे. फर्स्ट क्लास."

"दिसतायत," मी म्हणालो. "ऐकवा."

त्यांनी एक बटण दाबलं. नुसती खरखर. पडद्यावर हृदय उघडझाप करत होतं आणि स्पीकरमधून खरखर येत होती. त्यांनी मशीन बदललं. पुन्हा तेच.

"वार, म्हणजे प्लासेंटा, पुढच्या बाजूला असली की आवाज दबतो, काका."

"सगळ्या मशीनवर?"

"तुम्ही रिपोर्टर होतात ना? मघाशी म्हणालात."

"आहे."

"मग दिसतंय ते छापा," ते हसून म्हणाले. पण आम्ही निघताना त्यांनी ते बटण पुन्हा एकदा दाबून पाहिलेलं मी पाहिलं.

कौन्सिलला पहिलं पत्र मी त्याच संध्याकाळी लिहिलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: दरीची खोली ९१ मीटर आहे, आणि पुलावरून वस्तू टाकणं हा दंडनीय गुन्हा आहे. मी विचारलं होतं की टाकलेली वस्तू खाली पोचते का. यावर अवाक्षर नाही.

सप्टेंबरात व्हिसा संपला, मी परतलो. नोव्हेंबरात देवयानीला मुलगी झाली. नाव पूर्वी. वजन तीन किलो शंभर. वजन आहे ना, हे मी मुद्दाम विचारून घेतलं. फोनवर तिचं रडणं ऐकलं, चांगलं खणखणीत. मग मी सगळं विसरलो. कबूल करतो, आनंदानं विसरलो.

६

२००९ च्या जुलैत मी पुन्हा ब्रॅकनेलला आलो. पूर्वी वीस महिन्यांची झाली होती. बोलघेवडी, हट्टी, आजोबांवर गेलेली. मला 'आबू' म्हणायची. घरात एक बदल दिसला. सगळीकडे जाड गालिचे होते. जिन्यावर, बाथरूमबाहेर, अगदी किचनमध्येसुद्धा.

"किचनमध्ये गालिचा कोण घालतं?" मी विचारलं.

"पाय गार पडतात, बाबा."

"जुलैत?"

"बाबा, आल्या आल्या सुरू नका ना करू."

ऑगस्टमधल्या एका दुपारी त्या गालिच्यावर दूध सांडलं. देवयानीनं तो धुवून मागे वाळत टाकला आणि ती वर कपडे आवरायला गेली. मी किचनच्या टेबलाशी पेपर वाचत होतो. माझ्या गुडघ्यावर हात पडला तेव्हा मी दचकलो. पूर्वी हॉलमधून पळत आली होती; धापा टाकत होती. तिच्या पायात लाल सॅंडल होते, कडक तळव्यांचे. खाली उघडी लाकडी फरशी होती. आणि मला काही ऐकू आलं नव्हतं.

वय झालं, असं मी स्वतःला सांगितलं. टेबलावरचा चमचा खाली पाडला. खणकन वाजला. पूर्वीला गंमत वाटली. तिनं तो उचलून पुन्हा पाडला. पुन्हा खणकन. म्हणजे कान ठीक होते.

मग ती खुर्चीवर चढली आणि मी पकडायच्या आत खाली उडी मारली.

काही नाही. खुर्ची करकरली, फ्रॉक फडफडला, "आबू, बघ!" ऐकू आलं. मधला आवाज, उडीचा, तेवढा नव्हता.

मी उभा राहून फरशीवर पाय आपटला. थप. कपाटातल्या वाट्या हलल्या. पूर्वी खदखदून हसली, माझ्यासमोर उभी राहिली, आणि माझी नक्कल करत सगळ्या ताकदीनं लाल सॅंडल आपटायला लागली. एक, दोन, तीन, चार. तोंडानं "थप! थप!" म्हणत होती.

आवाज फक्त तोंडाचा येत होता.

७

त्यानंतर मी जे केलं ते कोणत्याही आजोबांनी करू नये. पूर्वी मागच्या काचेच्या दाराशी उभी राहून बाहेरची खार पाहत होती. अगदी स्थिर. मी तिच्यामागे गुडघ्यांवर बसलो, पेपरचं एक पान घेतलं आणि त्याची कड तिच्या टाचांपाशी लावून पुढे सरकवली.

कागद पलीकडून निघाला. तिचे पाय जमिनीला टेकलेलेच नव्हते.

"पोस्टकार्ड नाही जाणार," मागून देवयानी म्हणाली. "जूनपासून नाही जात."

ती दारात उभी होती. माझ्यावर ओरडली नाही. तिनं मसाल्यांच्या खालचा ड्रॉवर उघडला आणि आतल्या वस्तू एकेक करून टेबलावर ठेवल्या. शंभर पानी वही. जाड पुठ्ठ्याचं ग्रीटिंग, पूर्वीच्या पहिल्या वाढदिवसाचं. मग पातळ पुठ्ठा. मग पोस्टकार्ड. प्रत्येकावर तिच्या अक्षरात दोन तारखा, केव्हापासून जात होतं आणि केव्हा जायचं थांबलं. माझी लेक माझ्यापेक्षा चांगली रिपोर्टर निघाली होती.

"ती उभी राहायला लागली तेव्हा ही अख्खी वही जायची," ती म्हणाली. "कमी होतंय, बाबा. तो दगड खाली येतोय, आणि पोचला की हिचं काय होणार?"

"अंबरीशला माहितीय?"

"नाही. आईशी खोटं बोललो हेच त्याला अजून लागतंय."

"मला का नाही सांगितलंस?"

तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं. "सांगून काय झालं असतं? तुम्ही कारण शोधून दिलं असतंत. आणि जिंकला असतात."

पुढच्या आठवड्यात मी ट्रेन, बस आणि एका शेतकऱ्याची गाडी असं करत एकटा त्या पुलावर गेलो. व्हॅन नव्हती. मी खडा सोडला: साडेचार सेकंद, टक. मग वळणावळणाच्या पायवाटेनं खाली तळाशी उतरलो आणि दोन तास ती गारगोटी शोधली. तिथला सगळा दगड करडा, पापुद्र्यांचा. काळीपांढरी गारगोटी त्यात लपणं शक्य नव्हतं. मिळाली असती तर खिशात घालून ब्रॅकनेलच्या बागेत, होती तिथे, नेऊन ठेवली असती. सुप्रभाताईंना फोन करून माफी मागितली असती. एवढं मी ठरवून गेलो होतो.

मिळाली नाही. पुलाच्या बरोबर खाली उभं राहून मी एकदा वर पाहिलं. काय दिसलं ते लिहीत नाही, कारण मला खात्री नाही, आणि खात्री नसलेली बातमी मी कधी दिलेली नाही. एवढंच लिहितो की मी तिथून बाजूला सरकलो.

मग पुन्हा तिथे जाऊन हात वर करून पाहिला. पोचत नव्हता. काठी घेऊन पाहिलं. शेवटी मी वर चढून आलो.

सुप्रभाताईंना फोन केला. सगळं सांगितलं, अंबरीशचं खोटंही. त्या चिडतील असं वाटलं होतं. मला ते हवंही होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "मला काय माहीत असणार, पुरुषोत्तमराव? आमच्या घरी सगळ्यांनी दगड परतच आणला."

आता दिवाळी झाली. मागच्या मंगळवारी पेपरचं पान पूर्वीच्या पायांच्या बोटांपाशी अडकलं. देवयानीनं ते हळूच सोडवलं, तारीख घातली आणि ड्रॉवरमध्ये ठेवलं. मग फराळाच्या डब्यातला चकल्यांखालचा पातळ कागद काढून लावून पाहिला. तो जातो. त्याहून पातळ कागद या घरात नाही.

पूर्वीला खेळ वाटतो. देवयानी खाली बसली की ती आपणहून स्थिर उभी राहते आणि विचारते, "गेला?"

कौन्सिलच्या माणसाचा शेवटचा फोन गुरुवारी आला. विषय बंद करण्यात येत आहे, असं तो म्हणाला. मी म्हणालो, तुमचा होत असेल.

हे लिहिलं त्या दिवसाची नोंद अशी. शनिवार, २४ ऑक्टोबर २००९, सकाळचे दहा. १२ मे २००७ रोजी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी मी पुलावरून सोडलेला दगड अजून खाली पडलेला नाही.